जागेचा प्रश्न : ‘अशी ही बनवाबनवी’विषयी एक संवाद

लोकप्रिय चित्रपट, गाणे किंवा दूरचित्रवाणी मालिका यांविषयी बोलताना ‘आवडले’ आणि ‘चांगले आहे’ ही दोन विधाने एकमेकांच्या बदल्यात सर्रास वापरली जातात, आणि वाद अंगाशी आला की बोलणारा यांपैकी पहिल्या विधानाच्या आडोशाला जाऊन उभा राहतो, कारण कोणाला काय आवडावे हे सांगण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाच नसतो. वास्तविक ही दोन विधाने वेगळ्या जातीची आहेत. ‘आवडले’ हे बोलणाऱ्याच्या मनाचे वृत्त असते आणि ते खोडून काढायचे तर त्याच्या मनातच शिरावे लागेल. ‘चांगले आहे’ हे मात्र समोरच्या कलाकृतीविषयीचे विधान असते, आणि ते करणारा नकळत ऐकणाऱ्याकडून होकाराची अपेक्षा धरतो. इमॅन्युएल कांटने १७९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ‘सुखद’ आणि ‘सुंदर’ यांत असाच भेद केला होता: एखादे मद्य एकाला रुचले म्हणून ते सर्वांना रुचावे असा आग्रह कोणी धरत नाही, पण ‘हे सुंदर आहे’ म्हणणारा सर्वांच्या वतीने बोलत असतो. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथाने या विचाराची सविस्तर चिकित्सा मराठीत आणली. तरीही खळखळून हसवणारा चित्रपट या दोन खणांपैकी नेमका कोणत्या खणात ठेवावा, हा पेच घरोघरी शिल्लकच आहे.

पुढील संवाद या पेचाविषयी आहे. भारतीय शास्त्रग्रंथांत प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण ताकदीने मांडण्याची रीत आहे; त्याला पूर्वपक्ष म्हणतात, आणि त्याला दिलेल्या उत्तराला उत्तरपक्ष. येथे पूर्वपक्ष भाच्याचा आहे आणि उत्तरपक्ष मावशीचा. दोघेही कल्पित आहेत. मावशी मराठी व्याकरण शिकवून निवृत्त झालेली, भाचा चित्रपट संस्थेच्या म्हणजे फिल्म सोसायटीच्या कामात मुरलेला आणि चित्रपटाकडे संकलकाच्या नजरेने पाहणारा. नाते मावशीचे असल्याने अर्थातच दोघांत ‘अगं’ आणि ‘अरे’ चालते. तेवढ्याने वादाची धार कमी झाली असे मात्र दिसत नाही.

चर्चेचा विषय ‘अशी ही बनवाबनवी’. सचिन पिळगांवकर यांनी दिग्दर्शित केलेला, वसंत सबनीसांची पटकथा आणि संवाद असलेला, अरुण पौडवाल यांच्या संगीताचा हा चित्रपट १९८८ मध्ये प्रदर्शित झाला, आणि तो हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटावर बेतलेला आहे. कथा मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही, पण मुद्द्यापुरता सांगाडा असा, की पुण्यात डोक्यावर छप्पर नसलेले चार तरुण, लीलाबाई काळभोर ही घरमालकीण फक्त विवाहितांनाच खोल्या देते म्हणून दोन जोडपी बनून तिच्या घरात शिरतात. धनंजय माने (अशोक सराफ) याची बायको पार्वती म्हणून परशुराम (लक्ष्मीकांत बेर्डे) आणि शंतनू (सिद्धार्थ रे) याची बायको सुधा म्हणून सुधीर (स्वतः सचिन) साडी नेसून वावरतो, आणि पुढे खऱ्याखुऱ्या नायिका भेटल्यावर सोंगाचे टाके एकेक करून उसवू लागतात.

भाच्याचा पूर्वपक्ष असा, की या चित्रपटाविषयी मराठी प्रेक्षकाचे जे मत आहे ते मुळात मत नसून सवय आहे. वाहिन्यांनी सुटीच्या दुपारी तो पुन्हापुन्हा दाखवला, मुलांनी तो जेवणाच्या ताटासमोर बसून पाहिला, तीच मुले मोठी होऊन त्यातल्या वाक्यांची चित्रे एकमेकांच्या फोनवर पाठवू लागली, आणि आता त्या चित्रपटाला नावे ठेवणे म्हणजे आपल्याच बालपणाला नावे ठेवणे झाले आहे. शिवाय विनोदाचा प्राण अनपेक्षिततेत असतो, हे खरे मानले तर तिसाव्या वेळी येणारे हसू विनोदाला आलेले नसते, ते ओळखीला आलेले असते. भाचा पुढे म्हणतो, “मावशी, ‘सामना’ १९७५ चा, ‘सिंहासन’ १९७९ चा, ‘उंबरठा’ १९८२ चा. इतके चालून गेलेला मराठी चित्रपट १९८५ च्या ‘धूमधडाका’नंतर विनोदाच्या एकाच वळणावर येऊन थांबला आणि पुढची कित्येक वर्षे तिथेच घुटमळला. त्या थांब्यावरचे सगळ्यात देखणे घर ‘बनवाबनवी’ असेल, पण थांबा तो थांबाच.”

मावशीने यातील इतिहासाला हात लावला नाही. तिने आधी ‘मत’ या शब्दाची फोड केली. गायनाच्या मैफलीत ‘जागा’ हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात: गायक सुरावटीत एखाद्या विशिष्ट ठिकाणी असे काही करतो की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते, आणि मग ‘काय जागा घेतली’ असे म्हटले जाते. तिच्या मते लोकप्रिय कलेविषयीचे वैयक्तिक मतही याच कसोटीवर घासून पाहावे. नुसते ‘फार धमाल आहे’ किंवा नुसते ‘फार उथळ आहे’ ही दोन्ही वाक्ये सारखीच पोकळ, कारण त्यांत जागा दाखवलेली नाही. जो जागेवर बोट ठेवतो त्याचे मत तपासता येते. दुसरा तिथे जाऊन पाहू शकतो, आणि त्याला ती जागा दिसली नाही तर तसे सांगू शकतो. राहायच्या जागेसाठी वणवण करणाऱ्या चौघांच्या चित्रपटाला हा शब्द लागू करताना तिला त्यातला श्लेष दिसला नसेल असे नाही, पण तिने तो बोलून दाखवला नाही.

तिसाव्या हसण्याचा प्रश्न तिने त्याच मैफलीतून सोडवला. तालाच्या आवर्तनात ज्या मात्रेवर गायक आणि तबलजी पुन्हा एकत्र येतात तिला सम म्हणतात. ती कुठे येणार हे जाणकार श्रोत्याला आधीच ठाऊक असते, किंबहुना ठाऊक असते म्हणूनच ती येताच त्याच्या तोंडून दाद निघते. ठाऊक असलेल्या गोष्टीवर हसणे म्हणजे केवळ सवय, हा भाच्याचा सिद्धान्त मान्य केला तर समेवर मान हलवणाऱ्या प्रत्येक श्रोत्याला सवयीचा गुलाम म्हणावे लागेल. हे उत्तर चलाख आहे, पण पुरे नाही, कारण सम चुकली तर श्रोत्याला कळते, आणि पाठ झालेल्या चित्रपटात काही चुकूच शकत नाही. भाच्याने ही फट हेरली नाही, एवढे नोंदवणे भाग आहे.

त्याने मागितल्या त्या जागा, आणि मावशीने दोन दिल्या. पहिली सत्तर रुपयांची. विश्वास सरपोतदार (सुधीर जोशी) या मधुमेही घरमालकाने परदेशी औषधासाठी दिलेल्या सत्तर रुपयांचे काय झाले, या प्रश्नाला चित्रपटात मिळणाऱ्या उत्तरात ‘वारले’ हे क्रियापद येते. मराठीत मृत्यूसाठी क्रियापदांची उतरंड आहे: मेला, गेला, वारले, निवर्तले. ‘वारणे’ हे घरातल्या वडीलधाऱ्या माणसासाठी राखून ठेवलेले क्रियापद आहे, आणि ते बहुधा आदरार्थी अनेकवचनात येते, म्हणजे व्यक्ती एक असूनही क्रियापद अनेकवचनी. आजोबा वारले, अण्णा वारले. आता ‘रुपये’ हा शब्द मुळातच पुल्लिंगी अनेकवचनी असल्याने त्याच्यापुढे ‘वारले’ व्याकरणाच्या दृष्टीने बिनचूक बसते. एकच ‘ले’ हा प्रत्यय संख्याही दाखवतो आणि आदरही, त्यामुळे ते सत्तर रुपये क्षणात घरातले एक सन्माननीय वृद्ध होतात, ज्यांच्याविषयी आता जास्त विचारपूस करणे बरे दिसणार नाही. ज्याला पैसे परत हवे आहेत त्याच्यावरच सांत्वन स्वीकारण्याची पाळी येते. “पैसे बुडाले, गेले, संपले, यांतले काहीही म्हटले असते तरी अर्थ तोच होता,” मावशी म्हणाली, “पण मग त्या माणसाला भांडता आले असते. सुतकात कोणी भांडते का?”

दुसरी जागा घरमालकिणीशी बायकोची ओळख करून देण्याची. तिथे ‘ही माझी’ असे यायला हवे, आणि तोंडून येते पुल्लिंगी ‘हा माझा’, त्याला जोडून स्त्रीलिंगी ‘बायको’. मराठीत दर्शक सर्वनाम आणि संबंध दाखवणारे विशेषण दोन्ही पुढच्या नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतात. हे शाळेत शिकवावे लागत नाही, तीन वर्षांचे मूलही ते न चुकता करते. त्यामुळे ही चूक अज्ञानाची असूच शकत नाही. जीभ डोळ्यांचे ऐकते आणि समोर परशा दिसतो म्हणून ‘हा’ म्हणून जाते, तोवर डोक्याला ठरलेले नाटक आठवते आणि ते ‘बायको’ हा शब्द पुढे करते. मावशीच्या शब्दांत सांगायचे तर त्या वाक्यातले नाम खोटे बोलते आणि सर्वनाम खरे बोलते. अडीच तासांच्या चित्रपटाचा सगळा डोलारा त्या तीन शब्दांत मावतो, आणि ती जागा कॅमेऱ्याने नव्हे तर लिंगवचनाच्या नियमाने घेतली आहे.

भाच्याने नेमका हाच धागा पकडला. दोन्ही जागा कानाच्या आहेत, डोळ्यांच्या नाहीत, आणि ज्या चित्रपटाचे सगळे वैभव डोळे मिटून उपभोगता येते त्याला फार तर उत्तम नभोनाट्य म्हणावे, उत्तम चित्रपट म्हणू नये, असा त्याचा आक्षेप. कॅमेरा समोर उभा राहतो, पात्रे रांगेने उभी राहून बोलतात, प्रसंग रंगमंचावरच्या प्रवेशासारखे सुरू होतात आणि संपतात. या वर्णनात काही खोटे नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष ओढून आणलेला आहे, कारण रंगमंचाचे वळण हा येथे नकळत शिरलेला दोष नसून पटकथाकाराने सोबत आणलेली पुंजी आहे. वसंत सबनीस हे ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याचे लेखक. १९७१ चा ‘सोंगाड्या’ हा चित्रपटही त्यांनीच लिहिला. तमाशात गण आणि गौळण झाल्यावर बतावणी येते, म्हणजे दोघा-तिघांची शब्दांना शब्द भिडवणारी जुगलबंदी, जिच्यात एकाने टाकलेला शब्द दुसरा मुद्दाम भलत्याच अर्थाने उचलतो. त्यानंतर मुख्य कथानकाचा वग सुरू होतो. ‘बनवाबनवी’चे संवाद या बतावणीच्या शाळेत शिकलेले आहेत. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे दोघेही रंगभूमीवरून आलेले, त्यामुळे समोरच्याचे वाक्य संपण्याच्या किती आधी आपले सुरू करायचे याचा हिशेब त्यांच्या अंगात भिनलेला होता. अशा वेळी कॅमेऱ्याने मध्ये न लुडबुडणे हाही एक निर्णय असू शकतो. संकलकाच्या नजरेच्या माणसाला तो निर्णय आळसासारखा दिसतो, हे समजण्यासारखे आहे.

‘बीवी और मकान’चा उल्लेखही याच ठिकाणी झाला. सांगाडा तोच, दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जींसारखा, मेहमूदसारखा नट, आणि तरीही त्या चित्रपटातले एखादे वाक्य हिंदी भाषकांच्या रोजच्या बोलण्यात जाऊन बसलेले दिसत नाही. तेव्हा यश कथानकाचे नाही, हे दोघांनाही मान्य झाले. भाचा म्हणाला, यश वाहिन्यांनी केलेल्या पारायणांचे. मावशी म्हणाली, पारायणे इतर चित्रपटांचीही झाली, म्हणी मात्र याच पोथीतून निघाल्या. हा मुद्दा येथेच सोडलेला बरा, कारण आधी कोंबडी की आधी अंडे या थाटाचे वाद मराठी घरांत जेवणाची वेळ झाल्यावरच मिटतात.

खरी झटापट साडीवरून झाली. पुरुषाने साडी नेसायची आणि प्रेक्षकाने हसायचे, यात हसण्यासारखे नेमके काय, असा भाच्याचा रोखठोक प्रश्न होता. मावशीने उत्तरासाठी मराठी रंगभूमीवरच्या दोन परंपरा वेगळ्या केल्या. एक बालगंधर्वांची, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) यांची. त्यांच्या स्त्रीभूमिकेत पुरुष दिसू न देणे हेच सारे कौशल्य, इतके की घरंदाज स्त्रियांनी नेसण्यासवरण्याचे वळण त्यांच्यावरून उचलले. दुसरी परंपरा तमाशातल्या गौळणीतल्या मावशीची. ही मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची म्होरकी. तिचे काम पुरुष करतो आणि तो पुरुष आहे हे एक क्षणही लपवत नाही, उलट राकट आवाज आणि डोक्यावरचा पदर यांच्या विसंगतीवरच ती उभी असते. (भाच्यासमोर बसलेल्या मावशीने नात्याच्या या नामसाम्याबद्दल ‘असू दे’ एवढेच म्हटले.) आचार्य अत्रे यांनी ‘चार्लीज आंट’ या इंग्रजी प्रहसनावरून रचलेले आणि विजय चव्हाण यांनी १९८० च्या दशकात गाजवलेले ‘मोरूची मावशी’ याच दुसऱ्या घराण्यातले. ‘बनवाबनवी’ची गंमत अशी, की तिने दोन्ही घराणी एकाच बिऱ्हाडात आणून ठेवली. सचिन यांची सुधा बालगंधर्वांच्या बाजूला झुकते: नाजूक, लाजरी, पदर सावरणारी, जवळपास पटण्याजोगी. बेर्डे यांची पार्वती मात्र थेट गौळणीतून उठून आलेली आहे. एकीकडे पाहताना प्रेक्षक भुलतो, दुसरीकडे पाहताना भानावर येतो, आणि दोघी एकाच चौकटीत असल्या की त्याला दोन्ही एकदमच करावे लागते.

या एकदम होण्याला मराठीत एक जुने नाव आहे. न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ ही कल्पना मांडली. समाधी म्हणजे दुसऱ्याच्या भूमिकेत विरघळून जाणे, आणि सविकल्प म्हणजे विरघळतानाही आपण आपणच आहोत हे भान शिल्लक असणे. वाङ्मयाचा आनंद या दुहेरी अवस्थेत आहे, असे त्यांचे म्हणणे. केळकरांच्या डोळ्यांसमोर अर्थातच गंभीर वाङ्मय असणार. पण पार्वती पडद्यावर आली की पाहणाऱ्याला घरमालकिणीची भाडेकरू, तिच्या आतला घाबरलेला परशा आणि त्याच्याही आतला लोकांचा लाडका लक्ष्या, म्हणजे खुद्द बेर्डे, अशी तीन माणसे एका साडीत दिसतात, आणि आपल्या कल्पनेचा इतका उघडावाघडा नमुना केळकरांनाही सापडला नसता.

भाच्याने हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग या संवादातला त्याचा सगळ्यात वजनदार मुद्दा मांडला. “अगं मावशी, हे तिहेरी दिसणे प्रेक्षकासाठी ठीक आहे. पण चित्रपटातल्या इतर पात्रांना तर एकच दिसते ना? त्यांच्या लेखी पार्वती ही खरीच बाई आहे. थोराड, बेढब, बोलण्याचे भान नसलेली. ती पात्रे तिच्याकडे ज्या नजरेने पाहतात ती खऱ्या थोराड बाईकडे पाहण्याचीच नजर आहे, आणि प्रेक्षक त्या नजरेलाही हसतो. सुधा सुंदर म्हणून तिच्या वाट्याला कौतुक, पार्वती ओबडधोबड म्हणून तिच्या वाट्याला खसखस. दोन्ही पुरुषच आहेत, मान्य. पण बाईला मोजायचे माप मात्र खरे आहे.” त्याने यासोबत ‘टूट्सी’ (१९८२) या अमेरिकी चित्रपटाचे उदाहरण दिले, ज्यात बाईच्या वेषात वावरलेला नट शेवटी बायकांशी वागण्याची आपली जुनी रीत ओळखतो. ‘बनवाबनवी’तले चौघे साडी उतरवल्यावर अगदी जसेच्या तसे राहतात.

यावर मावशीकडे उत्तर नव्हते, आणि तिने ते असल्याचे भासवलेही नाही. ‘ही जागा दिसली’ एवढे म्हणून तिने तो गुण त्याला देऊन टाकला. प्रस्तुत लेखाचा कौलही येथे भाच्याच्या बाजूने आहे: त्याने ‘स्त्रीविरोधी’ असा शिक्का मारून विषय संपवला नाही, तर कोणाच्या नजरेतून कोणावर हसले जाते हे दाखवून दिले, आणि दाखवल्यावर ते न दिसणे अवघड आहे. पाठोपाठ त्याने नायिकांचा हिशेबही मांडला. चार नायिकांपैकी दुकान चालवणारी, माणसे कामाला ठेवणारी माधुरी (अश्विनी भावे) सोडली तर बाकीच्यांना प्रेमात पडण्यापलीकडे फारसे काम नाही. हाही मुद्दा निर्विवाद असल्याने त्यावर अधिक शाई खर्च करण्याची गरज नाही.

मावशीने मोर्चा वळवला तो घरभाड्याकडे. या चित्रपटाला उथळ म्हणणारे त्याच्या पायातला कायदा विसरतात, असा तिचा दावा. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूला घराबाहेर काढणे दुरापास्त केले. गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर टिकावे हा त्यामागचा हेतू, पण एकदा आत आलेला माणूस बाहेर निघत नाही आणि भाडे जागचे हलत नाही म्हटल्यावर मालक नवा भाडेकरू घेताना सतरांदा विचार करू लागले. पागडीची प्रथा फोफावली, म्हणजे भाड्याव्यतिरिक्त घेतली जाणारी, पावती नसलेली आगाऊ रक्कम. आणि ज्याच्याकडे ना पागडी ना कुटुंब, तो एकटा तरुण रांगेत शेवटी गेला. पुढे या कायद्याची जागा १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने घेतली, पण एकट्या तरुणाविषयीचा मालकांचा संशय काही रद्द झाला नाही. ‘बनवाबनवी’ हा सगळा पट एकाही भाषणाशिवाय सांगते. त्यातल्या चौघांना नोकरी, शिक्षण, प्रेम यांपैकी कशासाठीही सोंग घ्यावे लागत नाही, ते घ्यावे लागते फक्त दोन खोल्यांसाठी. “‘सिंहासन’मध्ये सत्ता दिसते,” मावशी म्हणाली, “आणि इथे ती सत्ता जिथे पोचत नाही ते घर दिसते. दोन्ही बघायला काय हरकत आहे?”

भाच्याने हे अर्धेच मानले. पार्श्वभूमीला प्रश्न असणे वेगळे आणि चित्रपटाने तो विचारणे वेगळे, असे त्याचे म्हणणे. घरमालकीण प्रेमळ निघाली की प्रश्न मिटतो, कायदा जिथल्या तिथे राहतो. प्रहसनाकडून कायदेदुरुस्तीची अपेक्षा करणे जरा जास्तच झाले, पण प्रेमळ घरमालकिणीविषयी त्याने दाखवलेली खोच खरी आहे: चित्रपट तिच्या नियमाला कधी चूक म्हणतच नाही, तो फक्त तो नियम कसा चुकवायचा ते दाखवतो. मराठी मध्यमवर्गाला हा तोडगा इतका जवळचा का वाटला असेल, हे खरे तर स्वतंत्र लेखाचे काम आहे.

शेवटी दोघे एकाच प्रसंगावर येऊन अडले: पार्वतीचे डोहाळजेवण. गरोदर स्त्रीला ओवाळून, फुलांनी सजवून, तिच्या आवडीचे खाऊ घालण्याचा हा सोहळा पूर्णपणे बायकांचा. त्यात पुरुषाला पाट नसतो. भाच्याच्या मते हे सोंग इथे अतीच ताणले आहे, कारण गरोदरपणासारखी गोष्ट साडीसारखी नेसता येत नाही, आणि तिची नक्कल हसण्यावारी नेणे म्हणजे ज्या देहाला ते सोसावे लागते त्याचीच खिल्ली. मावशीला तिथे अगदी उलट दिसते. चित्रपटभर बायकांना फसवत आलेला पुरुष पहिल्यांदाच अशा जागी सापडतो जिथे सगळे नियम त्यांचे आहेत, जिथून उठून जाता येत नाही, आणि जिथे त्याच्यावर जो मायेचा वर्षाव होतो आहे तो आपला नाही हे फक्त त्यालाच ठाऊक आहे. या प्रसंगात जे गाणे आहे त्यात भोवतालच्या बायका खऱ्या आनंदात आहेत. अवघडलेला फक्त मधला. तेव्हा हसू बाईला नसून तिच्या जागेवर चुकून बसलेल्या माणसाला आहे, असा तिचा दावा.

कौल देण्यापूर्वी जागा पुन्हा पाहायला हवी, यावर दोघांचे एकमत झाले, आणि अटीही ठरल्या. मावशीने ते गाणे आवाज पूर्ण बंद करून पाहायचे, म्हणजे सुरांच्या ओघात न वाहता कोण कोणाकडे कसे बघते ते तिला मोजता येईल. आणि भाच्याने ओळख करून देण्याचा तो प्रसंग पडद्याकडे पाठ करून ऐकायचा, म्हणजे साडी न दिसता केवळ ‘हा माझा’ कानावर पडल्यावर हसू येते की नाही ते त्याला कळेल. आधी कोणी बसायचे, यावरून मात्र दोघांचे पुन्हा बिनसले.